दिल्या, तुझं पिकअप आलंय

तुझं दिवसकार्य उरकलं, पावणेरावळे आपापल्या गावी गेले, आणि त्याच आठवड्यात शोभावहिनींचा मला फोन आला. "भावजी, जरा घरला येता काय? कुणाचातरी सारखा फोन येतोय, दिलीपअण्णांचं पिकअप आलंय म्हणून. ह्यांनी गाडी कवा घेतली? मला तर काय बोलले न्हाईत."

दिल्या, खरं सांगतो, आधी मलाही ते खरंच वाटलं. उद्यमनगरातली लेथ सोडतो आणि भाजीचं पिकअप लावतो, असं तू दर दिवाळीला म्हणायचास. मी विचारलं, "कुणाचा फोन?"

"गडहिंग्लजचा शीतल म्हणून कोण हाय."

"बाई?"

"न्हाई ओ, बाप्या हाय. चांगला ढोलासारखा आवाज हाय. गिटारीत बसवायचं म्हणतोय. आता गिटारीत गाडी कशी बसवायची?" असं म्हणून वहिनी हसल्या. तू गेल्यानंतर त्या पहिल्यांदाच हसल्या आणि हसता हसताच त्यांना रडू फुटलं. मी त्यांना धीर द्यायला पाहिजे होता, पण माझ्या डोक्यात दुसरंच सुरू झालं होतं. दिल्यानं नवीन पिकअप मागवलं. मला न विचारता मागवलं. आणि हा शीतल कोण?

आपल्या ऑर्केस्ट्रात तू लीड गिटार आणि मी साथीची ऱ्हिदम, हे इतकं जुनं झालं होतं की लोक आपलं नावही जोडीनंच घ्यायचे. तुझं आधी, मग माझं. मी तुझ्यावर जळायचो हे सगळ्या ऑर्केस्ट्राला ठाऊक होतं. लग्नात वाजवलं की मुलीचा बाप स्टेजवर येऊन तुझा हात हातात घ्यायचा, आणि मला म्हणायचा, "तुमी बी जेवून जावा." तू बेळगावच्या एका म्हाताऱ्या वादकाकडून घेतलेली ती लाल गिटार, रंग उडालेली, पेटीची कडी मोडलेली. माझी तिच्याहून कितीतरी चांगली. मी पिकअप बदलली, परत बदलली, तारा बदलल्या, अँप बदलला. तुझ्यासारखा आवाज काही येईना. एकदा तालमीला तू माझीच गिटार उचललीस, "बघू काय एवढं घातलंयस हिच्यात" म्हणून दोन ओळी वाजवल्यास, आणि माझ्या गिटारीतून तू वाजलास. तोच गोडवा, तोच कापरा शेवट. मी ती गिटार परत घेतली तेव्हा ती मला परकी वाटली होती. घरी जाऊन बायकोला म्हणालो, आता तारच बदलून बघतो. ती म्हणाली, "तारा कितींदा बदलणार? हात बदलून घ्या."

तर जळणं ही माझी जुनी गोष्ट. पण ते तुझ्यावर जळणं होतं आणि त्यात मजा होती. तुझ्यासाठी दुसऱ्या कुणावर जळायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. दिल्या, ते निराळंच असतं रे.

मी वहिनींना समजावून सांगितलं की गिटारीच्या तारांखाली चुंबकं असतात, त्यांच्याभोवती केसाएवढी बारीक तांब्याची तार हजारो वेळा गुंडाळलेली असते, त्याला पिकअप म्हणतात. वरची तार हलली की ह्यात वीज थरथरते आणि अँपमधून आवाज निघतो. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे गिटारीचा कान म्हणा की."

तेव्हा मी नुसतं "व्हय" म्हणालो.

पिकअपवरून आपण किती भांडलो ते आठवतं का तुला? तुझ्या गिटारीत एकेरी गुंडाळीची पिकअप. आवाज मोकळा, पण जवळ ट्यूबलाइट असली की घुंईऽऽ असा घुमणार. मी म्हणायचो, दुहेरी गुंडाळीचं हंबकर टाक, एक गुंडाळी दुसरीची घुंई खाते. तू म्हणायचास, "घुंईबरोबर जीव बी खाती ती." शाहूवाडीकडच्या त्या गावात लाइट गेली आणि जनरेटर लावला, त्या संध्याकाळी तुझी गिटार भुंग्यासारखी गुणगुणायला लागली. मी मनात म्हटलं, आता बघू कसा वाजवतोस. तू गिटार घेऊन जागच्या जागी हळूहळू फिरायला लागलास. पूर्वेला घुंई, दक्षिणेला जास्त घुंई, आणि लोकांकडं पाठ करून भाताच्या गिरणीच्या पत्र्याकडं तोंड केलंस तेव्हा ती एकदम थांबली. मग सगळा कार्यक्रम तू तसाच, लोकांना पाठमोरा वाजवलास. गावाला वाटलं ही शहरातली ष्टाईल. पोरं शिट्ट्या मारत होती. परत येताना टेम्पोत तू मला म्हणालास, "बघ सुऱ्या. हंबकरवाला असा फिरला असता काय?" मी रागानं तोंड फिरवलं, आणि तू मला चिडवत कोल्हापूर येईपर्यंत तोंडानं घुंई करत बसलास.

मग गेलं वर्ष. तुझा आवाज बदलला. आधी मला वाटलं अँप बिघडला. तू ट्रेबल, म्हणजे आवाजाची धार, पुरं वर चढवायला लागलास. जिथं तुझी गिटार लोण्यासारखी यायची, तिथं पत्र्यावर खिळा ओढल्यागत वाजायला लागली. गायिका तोंड वाकडं करायची, ढोलकीवाला कानात बोट घालून दाखवायचा, पण तुला कोण बोलणार? मी बोललो. "दिल्या, ट्रेबल कमी कर मर्दा, कान फाटाय लागल्यात."

"तुझं कान म्हातारं झाल्यात."

"माझं? सगळ्यांना इचार की."

"मला कुणाला इचारायची गरज न्हाय. पिकअप ढिली पडल्यात माझी. चुंबक उतरलंय. आवाज येतोय कुठं?"

"येतोय कुठं? अरे, शेजारच्या गल्लीत कुत्री वरडाय लागली."

तू गिटार पेटीत घातलीस, मोडकी कडी अंगठ्यानं दाबून बसवलीस आणि निघून गेलास. त्यानंतर शनिवारच्या तालमीला तू यायचा बंद झालास. ओव्हरटाइम आहे म्हणायचास. आपलं धड असं शेवटचं बोलणं ते. नंतर लग्नसराईत शेजारी उभं राहून वाजवलं, चहा प्यायलो, सगळं केलं, पण भांडण तिथंच अर्धं राहिलं. मला वाटायचं कधीतरी मिटवू. तुलाही वाटत असेल. आणि तू त्या सकाळी लेथजवळच खाली बसलास, आणि उठला नाहीस.

शीतल आला तो एका दुपारी. मी आधीच जाऊन बसलो होतो. वहिनींना सोबत म्हणून गेलो असं घरी सांगितलं होतं, पण मला त्याला बघायचं होतं. माझ्या मनात मी त्याचं चित्र काढलं होतं: लांब केस, काळा शर्ट, बोटात अंगठ्या, तुझ्याइतकाच चांगला वाजवणारा. दारात उभा राहिला तो पांढरा हाफ शर्ट, कपाळाला केशरी टिळा, आपल्याहून दहाएक वर्षांनी लहान असा दुकानदार. गडहिंग्लजच्या पेठेत त्याचं साड्यांचं दुकान. वहिनींच्या पाया पडला, "अक्का" म्हणाला. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "बसा की पावणं, उठू नकासा."

दिल्या, तुझ्या घरात मला पावणं! ज्या सोप्यात बसून मी तुझ्या लग्नाच्या पत्रिकांना हळदीकुंकू लावलं, तिथं हा मला बसा म्हणतोय.

वहिनींनी गिटार आणली. मी कडी उघडायला हात पुढं केला, तर ह्यानं सहज पेटी जवळ ओढली, अंगठा नेमका जिथं दाबायचा तिथं दाबला आणि कडी टक्कन उघडली. मला कळलं. जो ती पेटी कित्येकदा उघडतो त्यालाच ती कडी अशी उघडते.

"बिनसाखरेचाच करू न्हवं?" वहिनींनी तुझ्यासाठी करायच्या त्या सवयीनं चहाचं विचारलं, तर हा म्हणतो, "अक्का, मला साखर चालते. अण्णांनीच बंद केलती."

तू साखर बंद केली होतीस? माझ्याबरोबर स्टँडवरच्या गाड्यावर तू सगळ्यात गोड चहा प्यायचास की रे.

मी विचारलं, "तुम्ही वाजवता काय?" त्यानं लाजून सांगितलं की नाही, बोटंच वळत नाहीत, चार तारा एकदम दाबून साधी कॉर्डसुद्धा धड धरता येत नाही. पण आवाजाचं वेड आहे. दुकानाच्या माडीवर त्यानं वेगवेगळी पिकअप जमवली आहेत, कुणाच्याही गिटारीत घालून बघायची आणि काढून ठेवायची. तू दर शनिवारी एस.टी.नं गिटार घेऊन जायचास. हा एक पिकअप बसवायचा, तू वाजवायचास, नाही म्हणून मान हलवायचास, मग दुसरं. मधे त्याची आई तुम्हा दोघांना जेवायला वाढायची. संध्याकाळच्या गाडीनं तू परत.

वहिनी ऐकत होत्या. त्यांनाही ओव्हरटाइमच सांगितला होतास. पण त्या रागावल्या नाहीत. पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "बरं झालं. कामावर राबत होते असं वाटून मी दर शनिवारी हळहळायची."

मी मात्र हळहळलो नाही. ज्याला कॉर्ड धरता येत नाही त्याच्या माडीवर तू अख्खा दिवस बसायचास, आणि मला, पिकअपवरून तुझ्याशी जन्मभर भांडलेल्या माणसाला, एक शब्द नाही. मी त्याच्या पांढऱ्या शर्टाकडं बघत राहिलो. शर्टावर चहा सांडावा असं मला वाटत होतं.

त्यानं खोक्यातनं पिकअप काढली. पुण्याच्या कुणा कारागिराकडून तुझ्यासाठी मुद्दाम गुंडाळून घेतलेली. मी हातात घेतली, बरोबर आलेला कागद वाचला आणि खाली ठेवली.

"ही चालायची न्हाईत."

"का वो पावणं?"

"गुंडाळी कमी हाय. कमी गुंडाळी म्हणजे आवाज पातळ, धारदार. दिल्याच्या हाताला असला आवाज शोभत न्हाय. वहिनी, रविवारी आपण सगळे जमणार, ह्या गिटारीवर त्याची गाणी वाजणार. लोकांना त्याचा आवाज ऐकू आला पाहिजे. मी जास्त गुंडाळीची मऊ पिकअप घेऊन येतो. जुनी ढिली पडल्यात असं दिल्याच म्हणायचा, सगळीच बदलू."

ऑर्केस्ट्रातल्या मंडळींनी तुझ्यासाठी रविवारी सकाळी हॉल घेतला होता, आणि वहिनींची एकच इच्छा होती, तुझी गिटार त्या दिवशी बोलली पाहिजे. वाजवायची मी, हे कुणी ठरवायची गरजच नव्हती.

शीतल शांतपणे म्हणाला, "अण्णांनी हीच निवडल्यात. मी इतकी दाखवली. हीच घालायची म्हणाले."

"म्हणू दे. मी त्याला वळखतो. दिल्याला असला किरकिरा आवाज कधीच आवडला नसता."

"तुम्ही वळखता व्हय?" तो पहिल्यांदाच जरा जोरात बोलला. मग त्यानं वहिनींकडं बघितलं. वहिनी म्हणाल्या, "बोला की शीतल. आता कुणापासनं लपवायचं?"

मग त्यानं सांगितलं. एका शनिवारी त्यानं नवीन तारा चढवल्या आणि तारेला नुसतं बोट लावून टाळ वाजल्यागत बारीक, उंच स्वर काढला. स्वर खोलीत किती वेळ घुमत होता. तू विचारलंस, "वाजीव की, थांबलास का?"

शीतलनं परत वाजवला. तू त्याच्या बोटांकडं बघत होतास. स्वर तुझ्यापर्यंत येतच नव्हता.

दिल्या, तुझ्या कानांतला वरचा, बारीक-धारदार स्वरांचा अर्धा आवाज गेला होता. लेथ, ग्राइंडर, पत्र्याच्या शेडमधली प्रेसमशीन आणि वर आपल्या ऑर्केस्ट्राचे भोंगे, सगळ्यांनी मिळून तो खाल्ला. शीतल तुला कानाच्या डॉक्टरकडं घेऊन गेला. त्यांनी सांगितलं, गेलेलं येत नाही, मशीन लावा. तू नको म्हणालास आणि शीतलला म्हणालास, "तू अशी पिकअप काढ, की मला माझी गिटार ऐकू यील."

म्हणजे तुझी पिकअप ढिली पडली नव्हती. आणि तू ट्रेबल चढवत होतास तो मला डिवचायला नव्हे.

वहिनी हळूच म्हणाल्या, "टीव्ही मोठा करायचे. मी हाक मारली तर वळायचे न्हाईत. मला वाटायचं, मुद्दाम करत्यात."

माझ्या तोंडून आलं, "मला का न्हाय सांगितलं त्यानं?"

शीतल खाली बघत होता. "मी इचारलं हुतं, पावणं. म्हटलं, अण्णा, सुरेशदादांना सांगूया, ते स्टेजवर संभाळून घेतील. तर अण्णा माझ्यावर भडकले. म्हणाले, सुऱ्यानं मला संभाळून घ्यायचं? मेलो तरी न्हाय. सुऱ्या माझ्यावर जळतोय की न्हाय, तवर मी गिटारवाला हाय. ज्या दिवशी त्याला माझी कीव यील, त्या दिवशी माझं वाजवणं संपलं."

दिल्या, लेका.

मला वाटलं होतं तू मला विसरलास. मला वाटलं होतं भांडण मनात धरून तू दुसरा दोस्त केलास. आणि तू तर माझं जळणं काचेच्या भांड्यासारखं जपून ठेवत होतास, तडा जाऊ नये म्हणून. मी आयुष्यभर जे लपवायची धडपड केली त्याच्यावर तू उभा होतास. हे ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. तू मला इतकं मोजत होतास याबद्दल मी तुझे उपकारच मानतो. पण पुढच्याच क्षणी मनात आलं, हे वाक्य तू ह्याच्यासमोर बोललास. माझ्याबद्दलचं सगळ्यात मोठं वाक्य, आणि ते साडीवाल्याच्या माडीवर. माझ्यासाठी तू फक्त ते म्हाताऱ्या कानांचं भांडण ठेवलंस.

पिकअप शीतलचीच बसवायची ठरलं. वहिनी म्हणाल्या, "ह्यांनी निवडल्यात, तर तीच घाला." पण मी रविवारचं बोललो. लोकांचे कान शाबूत आहेत. त्यांना त्या आवाजात तू सापडायचा नाहीस, कुणीतरी बिघडलेला माणूस सापडेल. शीतल म्हणाला, "टोनचं बटण हाय की. धार बटणानं कमी करता येते. मऊ पिकअपला मात्र कुठल्याच बटणानं धार येत न्हाय." बरोबर होतं. ते त्याच्या तोंडून आलं म्हणून मला जरा कमी बरोबर वाटलं, पण बरोबर होतं.

तुझ्या सोप्यात वर्तमानपत्र पसरून आम्ही गिटार उघडली. तारा काढल्या, पुढची प्लेट उलटी केली. आत तुझ्या घामानं हिरवा गंज चढला होता. जुनी पिकअप काढताना शीतल डोळे पुसायला थांबला, म्हणून मी सोल्डरिंगची सळई त्याच्या हातातून घेतली. मग माझी वायर जागेवरनं निसटायला लागली, म्हणून त्यानं ती धरली. असं करत करत बसवली. मी तारा चढवल्या, अँपला लावली. टोन पूर्ण उघडा ठेवून एक सूर काढला आणि स्वयंपाकघरात वहिनींच्या हातातलं भांडं पडलं. मग बटण फिरवत आलो. निम्म्याच्या जरा खाली शीतल म्हणाला, "थांबा." त्याच क्षणी मीही थांबलो होतो. तुझा जुना आवाज तिथं होता, अगदी शंभर टक्के नाही, पण रस्त्याच्या पलीकडून ओळखू यावा इतका. आम्ही एकमेकांकडं बघितलं नाही. दोघांनीही बटणाकडं बघितलं.

रविवारी हॉल भरला. मी वाजवलं. तुझ्या शेवटाचा कापरेपणा मला जमला नाही, तो मी केलाच नाही, सरळ थांबलो. गायिका मधेच रडायला लागली, तर ढोलकीवाल्यानं ओळ उचलली. शीतल पहिल्या रांगेत वहिनींच्या शेजारी बसला होता. नंतर तुझ्या शेडमधला एक कामगार माझ्याकडं आला, माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "दिलीपभाऊच वाजवाय लागल्यात असं वाटलं." आयुष्यभर हेच वाक्य ऐकायला मी तडफडलो. आणि ऐकलं तेव्हा वाटलं, आता ह्याचा काय उपयोग? ज्याला ऐकवायचं होतं तोच नाही.

वहिनींनी गिटार मला दिली नाही. शीतललाही नाही. "इथंच राहू दे. तुम्ही दोघं येत जावा, वाजवत जावा." ही वाटणी मला पसंत नव्हती, पण मी मान हलवली.

काल मी एकटाच गेलो होतो. वहिनी सोप्यात वाती वळत बसल्या होत्या. मी गिटार लावली. पुसताना बटण फिरून टोन पूर्ण उघडा झाला होता, पहिला सूर खिळ्यासारखा कानात घुसला. मी बटणाकडं हात नेला आणि थांबलो. तू ह्या आवाजासाठी घाट उतरून चढून इतक्या खेपा केल्यास, तुला ह्यात काय मिळत होतं? मी वहिनींच्या पुढ्यातला थोडा कापूस उचलला. त्यांनी वर बघितलं. मी त्याचे बोळे करून दोन्ही कानांत घट्ट बसवले. रस्त्यावरच्या रिक्षा लांब गेल्या, पंख्याची करकर गेली. मग मी टोन उघडा ठेवून तुझी ती जुनी ओळ वाजवली.

दिल्या, लोणी.

तोच आवाज. बेळगावहून ती गिटार आणलीस त्या दिवशीचा, शाहूवाडीतल्या पत्र्याकडं तोंड करून काढलेला, माझ्या गिटारीतून माझ्यादेखत पळवलेला. रविवारी बटण निम्म्यावर आणून आम्ही जो जुळवला त्याच्याहून कितीतरी खरा. आम्ही म्हणत होतो, दिल्याचा आवाज गेला. तुझा आवाज कुठंही गेला नव्हता. तू तोच वाजवत होतास, तोच ऐकत होतास, आणि तुझ्या कानांच्या त्या कापूस घातल्यासारख्या खोलीत तू एकटा होतास.

मी ओळ परत वाजवली, परत वाजवली. वहिनी माझ्याकडं बघून काहीतरी म्हणाल्या. त्यांचे ओठ हलले, मला ऐकू आलं नाही. त्यांनी परत विचारलं असावं. मी नुसतं हसलो आणि वाजवत राहिलो, जसा ऐकू न आल्यावर तू हसून दुसरीकडं बघायचास.

शीतल येत्या शनिवारी येतो म्हणालाय. त्याला हे कापसाचं ठाऊक नाही. त्याला सुचलंही नसणार. त्याचे कान चांगले आहेत आणि त्याला कॉर्ड धरता येत नाही. मी त्याला हे सांगणार नाही, दिल्या. तू मला कोता म्हण, जळका म्हण. तुझं एवढं बोलणं त्याच्यापाशी आहे. हे एवढं माझ्यापाशी राहू दे.